अल्पवयीन मुलांना दारूची विक्री: कायदा कुणाला बांधतो, शरीरात काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझ्या १६ वर्षांच्या मुलीने मैत्रिणींबरोबर दुकानातून बिअर विकत घेतली. कुणी वय विचारलं नाही. दोष मुलीचा धरायचा की विकणाऱ्याचा? काही देशांत १६ व्या वर्षी बिअर चालते, काही ठिकाणी २५ पर्यंत दारू मिळत नाही. मग या वयाच्या अटीला काही शास्त्रीय आधार आहे का? आणि बाहेर लपूनछपून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर थोडी दिली तर बरं नाही का?”

दोष विकणाऱ्याचा. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक पालक नेमकी उलट्या बाजूने सुरुवात करतात. मुलीची झाडाझडती होते, मोबाईल काढून घेतला जातो, मैत्रिणींच्या घरी फोन जातात. पण ज्या माणसाने तिच्या हातात बाटली दिली आणि पैसे गल्ल्यात टाकले, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी आधी रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि नंतर किशोरवयीन मुलांच्या व्यसनोपचारात काम करत आले आहे. मी वकील नाही, पण या कामात कायद्याशी सतत गाठ पडते. दारूच्या वयाचे कायदे मुलांना धाक दाखवण्यासाठी आहेत असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात ते मोठ्यांचे हात बांधण्यासाठी केलेले आहेत.

भारतातला कायदा पाहा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार, वैद्यकीय सल्ल्याशिवाय १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात नुसता दुकानदार येत नाही. पैसे घेऊन बाटली आणून देणारा ओळखीचा तरुण येतो, वाढदिवसाच्या पार्टीत मुलांच्या ग्लासात ओतणारा यजमानही येतो. या कलमातली शिक्षा देणाऱ्याला आहे, पिणाऱ्या मुलाला नाही. पुढचं कलम ७८ मुलांकरवी दारू विकणं, वाहून नेणं, पोहोचवणं यासाठी आहे आणि शिक्षा तितकीच कडक आहे.

याच्या जोडीला प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा असतो, कारण आपल्याकडे दारू हा राज्यांचा विषय आहे. म्हणून गोव्यात वयाची अट १८, केरळमध्ये २३, महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५, तर गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी. या दोन कायद्यांची लोक हमखास गल्लत करतात. महाराष्ट्रात २२ वर्षांच्या तरुणाला व्हिस्की विकली तर परवान्याच्या अटी मोडतात, पण कलम ७७ लागत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडून गुन्हा आहे, कारण १६ व्या वर्षी तिला बिअर विकणं देशातल्या कुठल्याच राज्यात कायदेशीर नाही.

“दिसायला मोठी वाटली” हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर. अनोळखी चेहऱ्यावरून वय ओळखणं खरंच अवघड असतं, त्यामुळे हा बचाव ऐकायला रास्त वाटतो. ब्रिटनने त्यावर चांगला तोडगा काढला. तिथल्या २००३ च्या परवाना कायद्यात विक्रेत्याला नुसतं “मला वाटलं” म्हणून सुटता येत नाही. वय पडताळण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, किंवा कुणालाही शंका आली नसती इतका तो मोठा दिसत होता, हे त्याला दाखवावं लागतं. त्यातून ‘चॅलेंज २५’ ही पद्धत रुळली. अट १८ ची असली तरी जो २५ पेक्षा लहान दिसेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून ती सक्तीची आहे. सात वर्षांचं हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे: १६ वर्षांची मुलगी १९ ची वाटू शकते, २५ च्या पुढची वाटणं कठीण. शिवाय गिऱ्हाइकालाही अपमान वाटत नाही, कारण तरुण दिसणाऱ्या सगळ्यांनाच विचारलं जातं.

चांगल्या दुकानात ही पडताळणी कशी होते ते सांगते. काउंटरवर रोज बदलणारी एक पाटी असते: ‘या तारखेला किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच विक्री’. त्यामुळे गर्दीच्या वेळी जन्मसालावरून तोंडी वजाबाकी करावी लागत नाही. चुका खरं तर तिथेच होतात, विशेषतः वर्ष पूर्ण व्हायला दोन-तीन महिने बाकी असतात तेव्हा. ओळखपत्र हातात घेऊन बघायचं, मोबाईलवर दाखवलेला फोटो चालत नाही, कारण त्यावरची तारीख कुणीही बदलू शकतं. नकार दिला की वहीत वेळ आणि कारण लिहायचं. ही वही उद्या तक्रार झालीच तर विक्रेत्याच्या बाजूने पुरावा ठरते. आणि बाहेर घोळका उभा, आत एकच जण पैसे घेऊन आला, तर तो स्वतः मोठा असला तरी कुणासाठी घेतोय हे विचारायचं. मुलांसाठी मोठ्याने खरेदी करणं हा ब्रिटनमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे.

नियम पाळला जातोय का, हे तपासायला तिथे पोलीस आणि स्थानिक अधिकारी खऱ्याखुऱ्या अल्पवयीन स्वयंसेवकांना दुकानात पाठवतात. तीन महिन्यांत दोनदा विक्री झाल्याचं आढळलं तर परवान्यावर संकट येतं. माझ्या मते कायद्यातली शिक्षा किती वर्षांची आहे यापेक्षा पकडलं जाण्याची धास्ती किती आहे, यावर काउंटरवरची वागणूक ठरते. सात वर्षांची सक्तमजुरी कागदावर असते आणि वर्षानुवर्षं कुणी तपासायलाच येत नाही, तर त्या सात वर्षांना कुणी घाबरत नाही. घरपोच विक्रीत तर हे आणखी निसरडं होतं. ॲपवर ‘मी सज्ञान आहे’ या चौकटीत खूण करायला १२ वर्षांचं मूलही शिकलेलं असतं. म्हणून ऑर्डर घेताना एकदा आणि दारात पिशवी हातात देताना पुन्हा, अशी दोनदा पडताळणी हवी. दुसरी नसेल तर पहिलीला अर्थ राहत नाही.

आता वयाच्या अटीबद्दल. देशोदेशी आकडे वेगळे आहेत, हे खरं. जर्मनीत बिअर आणि वाइन १६ व्या वर्षी, कडक दारू १८ व्या वर्षी. स्वीडनमध्ये रेस्टॉरंटात १८, पण सरकारी दुकानातून बाटली घ्यायला २०. थायलंडमध्ये २०, श्रीलंकेत २१. यावरून हे सगळं मनमानी आहे असं वाटू शकतं. पण ही वयं बदलल्यावर काय झालं हे पाहिलं की चित्र पालटतं, आणि सुदैवाने, किंवा त्या मुलांच्या दुर्दैवाने, असे प्रयोग प्रत्यक्ष झालेले आहेत.

अमेरिकेत १९७१ साली मतदानाचं वय १८ झालं आणि त्याच सुमारास २९ राज्यांनी दारूचंही वय खाली आणलं. मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग दारू का नाही, असा युक्तिवाद होता. पाठोपाठ तरुण चालकांचे अपघाती मृत्यू वाढले. ज्या राज्यांत वय जास्त होतं तिथली मुलं सीमा ओलांडून प्यायला जायची आणि गाडी चालवत परत यायची. १९८४ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला: जे राज्य वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग निधीतला वाटा कापला जाईल. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला, १९८७ मध्ये टिकला आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. त्यानंतर त्या वयोगटातले अपघाती मृत्यू घटले.

न्यूझीलंडने १९९९ मध्ये उलटा रस्ता धरला आणि वय २० वरून १८ केलं. त्यानंतर १८-१९ वर्षांच्या मुलांचे अपघात तर वाढलेच, पण १५ ते १७ वयाच्या मुलांचेही वाढले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १५ वर्षांच्या मुलासाठी कायदा बदललेलाच नव्हता, त्याला तेव्हाही बंदीच होती. पण त्याचे १८ वर्षांचे मित्र आता दुकानात जाऊ शकत होते. दारू वयाच्या पायऱ्या उतरत खाली येते, एका वर्गातून खालच्या वर्गात. म्हणून १८ चा नियम पाळला तरी तो प्रत्यक्षात १५-१६ पर्यंत झिरपतो आणि २१ चा नियम १८ च्या आसपास. लिथुआनियाने २०१८ मध्ये वय १८ वरून २० केलं आणि सोबत दारूच्या जाहिरातींवरही बंदी आणली. जपानने २०२२ मध्ये सज्ञानतेचं वय २० वरून १८ केलं, पण दारूचं वय २० च ठेवलं. मतदान आणि करारासाठी जी समज लागते ती वेगळी, आणि वाढत्या मेंदूवर दारूचा होणारा परिणाम वेगळा, हा फरक त्यांनी कायद्यातच करून दाखवला.

तो परिणाम काय असतो? आधी साधं गणित करू. ८ टक्के अल्कोहोल असलेली अर्धा लिटर स्ट्राँग बिअर घ्या. त्यात सुमारे ३२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, आणि पाणी वजनावर व शरीराच्या घडणीवर अवलंबून असतं. ७५ किलोच्या पुरुषाने ही बिअर रिकाम्या पोटी झटपट प्यायली तर रक्तातलं प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे साधारण ६० मिलिग्रॅमपर्यंत जाईल. ४५ किलोच्या मुलीने तीच प्यायली तर १२५ च्या घरात. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा ३० आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ८०. म्हणजे एकाच कॅनने ती मुलगी या तिन्ही मर्यादांच्या पलीकडे जाते. यकृत तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करतं, तेव्हा सगळं उतरायला आठ तास. ‘एकच तर बिअर होती’ हे वाक्य मोठ्या माणसाच्या शरीराच्या मापाने बोललेलं असतं.

यात किशोरवयाची एक खास फसगत आहे. मोठ्या माणसाला जास्त झाली की झोप येते, तोल जातो, जीभ जड होते आणि तो आपोआप थांबतो. किशोरवयात ही थांबवणारी लक्षणं तुलनेने उशिरा आणि कमी जाणवतात. उलट स्मृतीवरचा परिणाम अधिक तीव्र असतो. यातलं बरंचसं ज्ञान प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलं आहे, कारण मुलांना दारू पाजून प्रयोग करणं नैतिकदृष्ट्या शक्यच नाही. पण दवाखान्यात दिसणारं चित्र त्याच्याशी जुळतं. मुलं उभी असतात, हसत असतात, गाणी म्हणत असतात, आणि दुसऱ्या दिवशी मधले दोन तास त्यांना अजिबात आठवत नाहीत. त्या दोन तासांत कोण कुठे घेऊन गेलं, काय झालं, हे त्यांना सांगता येत नाही. मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणांत मी हे ऐकलं आहे आणि ते ऐकणं फार जड जातं. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळली की हा धोका वाढतो: कॅफीनमुळे झिंग जाणवत नाही, रक्तातलं अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये अशी तयार मिश्र पेयं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला, तो याच कारणासाठी.

मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. सर्वांत शेवटी पक्का होतो तो कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, पुढचा विचार करतो. मजा आणि बक्षीस शोधणारा भाग त्याच्या बराच आधी जोरात चालू झालेला असतो. मधल्या या वर्षांत जे वारंवार केलं जातं ते मेंदू पक्कं करून ठेवतो; भाषा, खेळ, वाद्य जसं या वयात लवकर बसतं, तशीच नशाही बसते. खूप पिणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या चित्रणात करड्या भागाची (जिथे पेशी असतात) घट वेगाने आणि पांढऱ्या भागाची (पेशींना जोडणारे तंतू) वाढ कमी होताना दिसली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (१९९७) १५ वर्षांच्या आधी दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी व्यसनाधीन झाले होते. २० व्या वर्षी किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर यातला सगळा फरक केवळ लवकर सुरुवातीमुळे नाही. घरातलं वातावरण, आनुवंशिकता, आधीपासूनची चिंता किंवा नैराश्य, हेही त्यात येतं. पण लवकर सुरुवात ही त्यातली एकच अशी गोष्ट आहे जी काउंटरवरचा माणूस एका नकाराने पुढे ढकलू शकतो.

कर्करोगाबद्दल मुलं क्वचितच विचारतात, पण पालकांनी जाणून घ्यावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारू १९८८ मध्येच पहिल्या गटातली, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेली गोष्ट ठरवली आहे, आणि संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. दारूमुळे जगात २०१९ या एका वर्षात २६ लाख मृत्यू झाले असा तिचा अंदाज आहे.

घरी समोर बसवून द्यावी का? हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पालकांना वाटतं, कुतूहल शमेल, प्रमाण कळेल. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून हेच तपासलं गेलं; निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांनी दिल्याने मुलं सुरक्षित राहिली असं काही दिसलं नाही. उलट अशा मुलांना पुढे बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढली. घरची दारू बाहेरच्या दारूची जागा घेत नाही, तिच्यात भर घालते. भारतात तर १८ च्या आत दारू देणं कलम ७७ च्या कक्षेत येतं, देणारे आईवडील असले तरी. त्यामुळे माझं उत्तर नाही. आणि ते मुलीला कारणासकट सांगा: “तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही म्हणत नाही, तुझा मेंदू अजून घडतोय म्हणून नाही म्हणतेय.” मुलांना हे पटतं, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. प्यायलेल्या मुलाला हलवून, हाक मारून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास चालत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, झटका आला असेल, तर ही विषबाधा आहे. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून सोडू नका. पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे पिणं थांबल्यावरही पातळी चढत राहते. लहान वयात आणखी एक धोका असतो: यकृत दारू पचवण्यात गुंतलं की नवी साखर तयार करू शकत नाही. मुलांचा यकृतातला साखरेचा साठा मुळात थोडा, त्यात दिवसभर काही खाल्लेलं नसेल तर रक्तातली साखर घसरते. बाहेरून ते नशेसारखंच दिसतं, पण मेंदू उपाशी पडत असतो. एका कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटं सोडू नका, ११२ वर फोन करा. कॉफी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका, मिठाचं पाणी देऊन उलटी काढू नका. डॉक्टरांना खरं सांगा: काय, किती, कधी, सोबत कुठली गोळी घेतली का, डोक्याला मार लागला का. लाज वाटून पालक ‘काहीतरी बाहेरचं खाल्लं’ असं सांगतात, आणि आमची पहिली मोलाची मिनिटं भलतीकडे शोधण्यात जातात.

विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर लवकर करा. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. बिल असेल तर जपून ठेवा. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद आणि वेळ हाच पुरावा. राज्य उत्पादन शुल्क विभाग किंवा पोलीस, दोन्हीकडे तक्रार देता येते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही मार्गदर्शन करते. तक्रार देण्याआधी मुलीशी बोला, म्हणजे मैत्रिणींत तोंड कसं दाखवू ही तिची भीती तुम्हाला कळेल. शिक्षा तिला होणार नाही, विकणाऱ्याला होऊ शकते, हे तिला आधी नीट समजू द्या.

आणि तिच्याशी बोलताना ‘का प्यायलीस’ या प्रश्नाने सुरुवात करू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्याकडेही नसतं. आम्ही किशोरवयीन मुलांसाठी सहा प्रश्नांची एक चाचणी वापरतो. प्यायलेल्या माणसाने चालवलेल्या गाडीत कधी बसलीस का, किंवा स्वतः पिऊन गाडी चालवलीस का? ताण घालवायला, बरं वाटावं किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून पितेस का? एकटी असताना पितेस का? प्यायल्यावर काय केलं ते विसरतेस का? घरचं किंवा जवळचं कुणी ‘कमी कर’ म्हणालं आहे का? पिण्यामुळे कधी अडचणीत आलीस का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर तिला किशोरवयीन मुलांचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. तिथे पहिल्या भेटीतला काही वेळ तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.